दोघांची नौका, दोघांचे सुकाणू

धुळ्याची पांझरा मुडावदला तापीला मिळते. जळगावच्या बाजूने गिरणा येते, वाघूर येते आणि हे सारे पाणी पोटात घेऊन तापी सुरतेच्या पुढे समुद्रात जाते. आपले पाणी असे दरवर्षी समुद्राला भेटते. आपण मात्र क्वचितच. खान्देशातल्या बहुतेक कुटुंबांचा समुद्र म्हणजे मुंबईला लग्नकार्यासाठी गेल्यावर पाहिलेली चौपाटी. पायाला पाणी लावायचे, भेळ खायची, वाळूने भरलेल्या चपला झटकायच्या आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे. समुद्रापासून काही शिकावे, असा प्रसंग त्यात येत नाही.

आज लिहायचे आहे ते समुद्रावर संसार करणाऱ्या जोडप्यांविषयी. राहते घर विकून शिडाची एक लहानशी नौका घ्यायची आणि वर्षानुवर्षे तिच्यावरच राहायचे, एका देशाच्या किनाऱ्यावरून दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला जायचे, असे आयुष्य जगणारे नवरा-बायको जगात बरेच आहेत. श्रीमंतांचे चोचले म्हणून हा विषय बाजूला टाकण्याचा मोह होईल. पण जरा थांबावे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात आणि घरात म्हातारा-म्हातारी दोघेच, अशी घरे आज जळगावच्या आणि धुळ्याच्या कोणत्याही कॉलनीत दिसतात. चार खोल्यांच्या घरातल्या या दोघांनी समुद्रावरच्या त्या दोघांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. ती समजण्यासाठी आधी त्यांचा संसार कसा चालतो ते पाहायला हवे.

खोलीएवढे घर

नौका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या पांढऱ्याशुभ्र बोटी येतात. वरच्या मजल्यावर पार्टी, खाली खानसामा. ज्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत त्यांची गोष्ट निराळी आहे. एरिक आणि सुसान हिसकॉक हे इंग्रज जोडपे १९५२ साली 'वाँडरर-३' नावाच्या ३० फुटी नौकेतून निघाले आणि १९५५ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून घरी परतले. पुढे त्यांनी आणखी दोन प्रदक्षिणा केल्या. लिन आणि लॅरी पार्डी यांची 'सेराफिन' तर जेमतेम २४ फुटांची. ती त्यांनी स्वतः बांधली होती आणि तिला इंजिनच नव्हते. १९६८ साली ते निघाले ते पुढची कित्येक वर्षे फिरतच राहिले. वाटेत पैसे संपले की एखाद्या बंदरात थांबून दुसऱ्यांच्या नौका दुरुस्त करायच्या, चार पैसे गाठीला बांधायचे आणि पुन्हा शीड उभारायचे.

तीस फूट लांबी ऐकायला बरी वाटते. पण नौका दोन्ही टोकांना निमुळती होत जाते. डोलकाठी, शिडे, दोरखंड, नांगर, पाण्याची टाकी आणि शिधा यांची जागा वजा केली, तर राहायला उरते ती आपल्याकडच्या चाळीतल्या एका खोलीएवढी जागा. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप, त्यातच नकाशांचे टेबल. वेग म्हणाल तर ताशी पाच-सहा सागरी मैल, म्हणजे नऊ ते अकरा किलोमीटर. शाळेला उशीर झालेला सायकलवरचा पोरगा या नौकेला सहज मागे टाकील. या वेगाने अटलांटिक ओलांडायचा म्हणजे कॅनरी बेटांपासून कॅरिबियन बेटांपर्यंत सुमारे २७०० सागरी मैल, पाच हजार किलोमीटर. तीन आठवडे चारी बाजूंना पाणी आणि बोलायला एकच माणूस.

आपल्या देशात असे संसार अगदी थोडे. मात्र शिडाच्या नौकेतून जग फिरण्याची गोष्ट आता आपल्याला परकी राहिलेली नाही. रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातील कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी 'तारिणी' नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून २९ मे २०२५ ला परत आल्या. आठ महिने, एक नौका, दोन माणसे. त्या पती-पत्नी नव्हत्या, दोघी सहकारी होत्या. पण दोघांच्या नौकेचे जे नियम आहेत ते त्यांनाही चुकले नाहीत.

एक झोपतो तेव्हा दुसरा जागतो

पहिला नियम झोपेचा. भर समुद्रात नांगर टाकता येत नाही, कारण खाली कित्येक हजार फूट पाणी असते. त्यामुळे रात्र झाली म्हणून नौका थांबत नाही. क्षितिजावर दिसलेला मोठ्या जहाजाचा दिवा पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतो. म्हणून तीन-तीन किंवा चार-चार तासांच्या पाळ्या लावाव्या लागतात. एक झोपला की दुसरा जागा. गंमत अशी की, चोवीस तास एका खोलीत राहणारे हे नवरा-बायको मोठ्या प्रवासात फार वेळ एकमेकांच्या वाट्याला येतच नाहीत. पाळी बदलताना भेट होते. कपभर चहा, वाऱ्याची दिशा, लांब दिसलेल्या दिव्याची खबर, आणि एक जण अजून ऊबदार असलेल्या अंथरुणात शिरतो.

दुसरा नियम पट्ट्याचा. अंधारात वर असणाऱ्याने कमरेचा पट्टा नौकेला अडकवल्याशिवाय हलायचे नाही आणि दुसरा झोपेत असताना पुढच्या टोकाला जायचे नाही. पाण्यात पडलेल्या माणसाची हाक वाऱ्यात ऐकू येत नाही. झोपलेल्याला जाग येते ती तीन तासांनी, आणि तोवर नौका दहा-पंधरा मैल पुढे गेलेली असते. एकाचा निष्काळजीपणा म्हणजे दुसऱ्याचे वैधव्य किंवा विधुरपण, इतका सरळ हिशेब. मायेने 'जपून हं' म्हणण्याचा तो विषय राहत नाही. तो कामाचा नियम होतो.

तिसरा नियम पाण्याचा, आणि तो आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळ येणारी गावे खान्देशाला नवी नाहीत. खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आता निघाली आहेत; पण जुन्या मंडळींनी टाकीतल्या पाण्यावर महासागर ओलांडले. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, अंघोळही त्याच पाण्याची, शेवटी तांब्याभर गोडे पाणी अंगावर घ्यायचे. पाऊस आला की शिडाखाली बादली लावायची. आणि स्वयंपाकाचे म्हणाल, तर उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, बिबडे घालून वर्षाची बेगमी करणाऱ्या बाईला नौकेवरचा शिधा भरायला कोणी शिकवण्याची गरज पडणार नाही. काय टिकते, काय आधी संपवायचे, ओल कुठून लागते, हे ज्ञान तिथे होकायंत्राइतकेच मोलाचे असते.

माहेर नसलेला संसार

भांडणे होतात का? होतात, भरपूर होतात. आपल्या घरात भांडण झाले की निदान एक दार असते. नवरा चपला घालून पारावर किंवा टपरीवर जातो. बायको शेजारी जाते, फारच झाले तर 'मी चालले माहेरी' म्हणते. समुद्रावर पाराचा पत्ता नाही आणि माहेर हजार मैलांवर. रुसून बसायला नौकेचे पुढचे टोक, तेही पट्टा अडकवून! शिवाय तीन तासांनी पाळी बदलायची असतेच. अबोला धरला तरी वाऱ्याची दिशा सांगावीच लागते. त्यामुळे रुसवा फार लांबवता येत नाही.

या लोकांत भांडणाची एक ठरलेली वेळ आहे: नांगर टाकण्याची. वर्षानुवर्षांची रीत अशी की नवरा मागे सुकाणूवर आणि बायको पुढे नांगरापाशी. मध्ये इंजिनाचा आवाज आणि वारा. तो ओरडतो ते तिला कळत नाही, ती हात करते ते त्याला दिसत नाही, नौका भलतीकडे सरकते आणि बंदरातली बाकी मंडळी फुकटचा तमाशा पाहतात. अनुभवी जोडप्यांनी यावर काढलेला तोडगा फार बोलका आहे. त्यांनी जागा बदलल्या. नांगर आणि साखळी जड, तिथे अंगात जोर जास्त असणाऱ्याने जावे. सुकाणूला जोर लागत नाही, नजर आणि शांत डोके लागते. म्हणजे बायको सुकाणूवर आणि नवरा पुढे साखळीपाशी. इतकी साधी गोष्ट लक्षात यायला पुष्कळांना काही वर्षे लागली, कारण 'सुकाणू पुरुषाचे' हे डोक्यात आधीच पक्के बसलेले होते.

ही जागा बदलण्याची गोष्ट सोयीपुरती नाही, हे समुद्राने वेळोवेळी दाखवले आहे. ब्रिगेडियर माइल्स स्मीटन हे पूर्वी आपल्याकडच्या ब्रिटिश लष्करात होते. ते आणि त्यांच्या पत्नी बेरिल 'त्झू हांग' या नौकेतून फेब्रुवारी १९५७ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे चालले होते. एका प्रचंड लाटेने नौका कोलांटी खाऊन उलटली. त्या वेळी सुकाणूवर बेरिल होत्या. पट्टा तुटला आणि त्या समुद्रात फेकल्या गेल्या. जखमी अवस्थेत पोहत त्या परत नौकेपाशी आल्या, वर ओढल्या गेल्या आणि लगेच इतरांबरोबर बादल्यांनी पाणी उपसू लागल्या. डोलकाठ्या मोडलेली ती नौका त्यांनी चिलीच्या किनाऱ्याला नेली. या बाईंना कोणी 'नवऱ्याबरोबर गेलेली' म्हणेल काय?

११७ दिवस

पण या साऱ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती मॉरिस आणि मॅरलिन बेली यांची हकीगत. माणसे अगदी आपल्यासारखी. इंग्लंडमधल्या डर्बी गावचे हे जोडपे. तो छापखान्यात नोकरीला, ती कर खात्यात. त्यांनी घर विकले, ३१ फुटी 'ऑरलिन' नौका घेतली आणि १९७२ साली न्यूझीलंडच्या दिशेने प्रस्थान ठेवले. नकाशे, गणित, दिशा हे सारे मॉरिसचे. मॅरलिनला पोहताही येत नव्हते. नौकेवर संदेश पाठवणारे यंत्र ठेवायचे नाही, हा निर्णयही मॉरिसचाच. बाहेरच्या जगाची लुडबुड त्याला नको होती.

४ मार्च १९७३ च्या सकाळी, पनामाहून गॅलापागोस बेटांकडे जात असताना, एका जखमी देवमाशाची धडक बसून नौकेला भोक पडले. तासाभरात नौका बुडाली. हवा भरायचा एक छोटा तराफा, एक रबरी होडी, थोडे डबे, थोडे पाणी एवढे घेऊन दोघे प्रशांत महासागरावर उरले. जगात कोणालाही ते संकटात असल्याचे ठाऊक नव्हते.

इथे संसाराची घडी उलटली. ज्याला सगळे येत होते तो मॉरिस खचला. चूक आपली, आता सुटका नाही, असे त्याने मनाशी धरले. पुढे तो आजारीही पडला. जिला पोहता येत नव्हते तिने कारभार हाती घेतला. सेफ्टी पिना वाकवून तिने माशांसाठी गळ केले. कासवे, मासे, पक्षी, जे हाती लागेल ते खाल्ले. पावसाचे पाणी साठवले. तिने रोजनिशी लिहिली. कागदाचे पत्ते करून खेळ मांडला. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे बुडत्या मनाच्या नवऱ्याला तिने पुढच्या नौकेचा आराखडा काढायला बसवले. नवी नौका किती फुटांची, तिच्यात कपाटे कुठे, बरोबर कोणता शिधा घ्यायचा, पहिल्या मेजवानीला काय रांधायचे, अशी चर्चा फुगवलेल्या रबरावर बसून चालली होती. या काळात सात जहाजे त्यांना न पाहता निघून गेली. अखेर ३० जून १९७३ रोजी एका कोरियन मासेमारी जहाजाने त्यांना उचलले तेव्हा ११७ दिवस झाले होते. दोघांचीही हाडे उरली होती, पायात उभे राहण्याचे बळ नव्हते. आणि दोनच वर्षांत ही दोघे खरोखरच दुसरी नौका घेऊन पुन्हा समुद्रावर गेली.

ही हकीगत बायकोच्या धीराची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण मला तिच्यातली पहिली बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. नौका चांगली चालत होती तोवर एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने साथ द्यायची, अशी विभागणी होती, आणि ती दोघांनाही मान्य होती. संकट आले तेव्हा ती विभागणी तासाभरात निरुपयोगी ठरली. त्यांचे दैव बलवत्तर की उरलेल्या कामाला लागणारे गुण मॅरलिनपाशी होते. पण दैवावर किती विसंबायचे? म्हणूनच या लोकांत पुढे एक दंडक सर्वमान्य झाला. दोघांच्या नौकेवर दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने नौका किनाऱ्याला लावता आली पाहिजे. तसे येत नसेल, तर ते जोडपे नसून एक नावाडी आणि एक प्रवासी आहे.

आपल्याकडचा कोयता

आता खान्देशात येऊ. घरदार सोडून, मिळेल तिथे पाल ठोकून सहा-सहा महिने दोघांनीच राहायचे, हे आपल्याकडे कोणी करत नाही असे समजण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुमारास धुळे, नंदुरबार, चाळीसगाव या भागांतून ऊसतोडीला निघालेल्या ट्रक आणि ट्रॅक्टर आपण पाहतोच. कोणी बारडोली-सुरतेच्या कारखान्यांकडे जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. त्यांच्या हिशेबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकट्याला पूर्ण उचल मिळत नाही. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि पोर सांभाळणे हे वर.

नौकेवरच्या जोडप्याशी यांची तुलना करताना संकोच वाटतो, आणि वाटायला हवा. ते हौसेने निघाले, हे पोटासाठी. त्यांनी घर विकले ते मनासारखे जगण्यासाठी, यांनी उचल घेतली ती आधीचे देणे फेडण्यासाठी. पण एका बाबतीत तुलना केलीच पाहिजे. कामात कोयत्याइतकी बरोबरीची भागीदारी दुसरीकडे सापडणार नाही. ती नसेल तर तो कोयताच नाही. तरीही मुकादमाकडून उचल घेताना अंगठा कोणाचा? हिशेब कोणाशी? फिटले किती आणि उरले किती, हे कोणाला सांगितले जाते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. निम्मे ओझे तिच्या डोक्यावर आहे, सुकाणूवर मात्र तिचा हात नाही. उद्या तो आजारी पडला किंवा दारूच्या नादी लागला, तर ते कर्ज तिच्या गळ्यात पडते, पण त्याचा कागद तिने कधी पाहिलेला नसतो.

म्हणजे नुसते बरोबर राबणे पुरेसे नाही. बरोबर राबणारी बाई प्रवासीच राहू शकते, हे आपल्या मातीतले उदाहरण सांगते.

चार खोल्यांची नौका

आणि आपल्या, तुमच्या-माझ्या घरात काय चालते? निवृत्त झालेले गुरुजी, बँकेतले साहेब, एस.टी.तून सुटलेले वाहक, केळीची बाग मुलाला न देता स्वतःच सांभाळणारे शेतकरी, यांच्या घरात डोकावून पाहावे. चाळीस वर्षांचा संसार, कोणाची दृष्ट लागावी असा. पण यजमानांना गॅस पेटवण्यापलीकडे स्वयंपाकघर ठाऊक नाही. डाळीचा डबा कुठला, बायकोच्या रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, हे त्यांना विचारू नये. आणि बाईंना पेन्शन कोणत्या तारखेला जमा होते, ठेवी कोणत्या शाखेत, विम्याची पावती कुठल्या कपाटात, सातबारा कोणाच्या नावे, मोबाइलवरून पैसे कसे जातात, यातले काही ठाऊक नाही. विचारले तर कौतुकाने सांगतात, "सगळं तेच बघतात." आणि तेही तितक्याच कौतुकाने म्हणतात, "घरातलं आपल्याला काही कळत नाही."

हे कौतुक मला धोक्याचे वाटते. बँकेत जोडखाते उघडताना फॉर्मवर एक चौकट असते, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहील तो. आपण त्या चौकटीत खूण करतो आणि विसरतो. समुद्रावरची माणसे जो नियम आयुष्यभर पाळतात तोच त्या तीन शब्दांत लिहिलेला आहे. मागे कोणीतरी राहणार आहे. जो राहील त्याला नौका चालवता येते का, एवढाच प्रश्न आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की कामाची वाटणी हीच संसाराची शोभा. दोघांनी सगळे शिकायचे तर मग दोघे कशाला? पण वाटणी मोडा असे नौकेवरही कोणी म्हणत नाही. ज्याचा हात ज्या कामाला चांगला, ते त्याने करावे. दुसऱ्याला ते वेळप्रसंगी निभावता यावे, इतकेच. रोजची वाटणी वेगळी आणि जन्माचे परावलंबन वेगळे.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो फार खोल आहे. 'माझ्यामागे' हा शब्द काढला की समोरून उत्तर येते, अभद्र बोलू नका. आपण अशुभाचा उच्चार टाळतो, आणि त्यामुळे त्याची तयारीही टाळतो. नौकेवरच्या लोकांनी ही अडचण मोठ्या युक्तीने सोडवली आहे. चांगल्या हवेच्या दिवशी ते एखादी उशी पाण्यात फेकतात आणि एकजण ओरडतो, 'माणूस पडला!' ज्याने फेकली त्याने हात बांधून उभे राहायचे. दुसऱ्याने एकट्याने शीड आवरायचे, नौका वळवायची आणि उशी उचलून आणायची. पहिल्यांदा फजिती होते, हशा होतो. चौथ्या-पाचव्यांदा जमते. मरणाविषयी चकार शब्द न बोलता मरणाची तयारी होते, आणि संध्याकाळी दोघेही थोडे निर्धास्त झोपतात.

या जीवनाचे मी गोडवे गातो आहे असे वाटू नये. समुद्र निष्ठुर आहे आणि माणसे त्याहून. पॉल आणि रेचेल चँडलर या इंग्रज जोडप्याला ऑक्टोबर २००९ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवले आणि वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवले. २०११ साली मुंबईत मुक्काम करून ओमानकडे निघालेल्या 'क्वेस्ट' या नौकेवरील अमेरिकन दांपत्य आणि त्यांचे दोन सोबती चाच्यांच्या हातून मारले गेले. कोणी घर विकून समुद्रावर जावे असे मी सुचवत नाही. घर विकायचे नाही, गाव सोडायचे नाही, फक्त त्यांचा एक नियम उचलायचा आहे.

उशी फेकून पाहा

आपल्या मातीत याला आधार नाही असेही नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ऐन तारुण्यात विधवा झाल्या. अक्षरओळख नव्हती, पण शेती, घर आणि मुले त्यांनी निभावली. त्यांच्या कवितेचे कौतुक करताना या सुकाणूकडे आपले लक्ष जात नाही. त्यांना शेत ठाऊक होते, म्हणून नौका बुडाली नाही. शेतकरी संघटनेने शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करण्याची हाक दिली होती, आणि १९९२ साली राज्य सरकारने लक्ष्मीमुक्ती योजना आणून पतीच्या अर्जावर सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. तीस वर्षे उलटून गेली. आपल्या ओळखीच्या किती घरांच्या उताऱ्यावर ती दोन नावे शेजारी शेजारी आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे.

करायचे काय? फार नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवावा. समजा, आजचाच रविवार. त्या दिवशी जागा बदलायच्या. बाईंनी पासबुक, विम्याचे कागद, उतारे, विजेचे बिल समोर घेऊन बसावे आणि यजमानांनी, विचारल्याशिवाय, मध्ये बोलू नये. हे दुसरे अधिक कठीण आहे! यजमानांनी कळण्याच्या पिठाची भाकरी थापावी, ती फाटेल. वरण करावे, ते लागेल. औषधांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहावी. बाईंनीही हसावे जरूर, पण तवा हातातून ओढून घेऊ नये. 'राहू द्या, मीच करते' हे वाक्य मायेचे असते, पण त्या मायेने माणूस पांगळा होतो. 'तुला नाही कळायचं' हे वाक्य तर मायेचेही नसते.

चार महिन्यांनी एकदा उशी फेकून पाहावी. म्हणजे यजमानांनी आठ दिवस मुलाकडे जाऊन राहावे आणि घर, बँक, नळाचे पाणी, सगळे बाईंवर सोपवावे. पुढच्या खेपेला बाईंनी लेकीकडे जावे आणि फ्रीजमध्ये आठ दिवसांची भाजी करून ठेवू नये. परत आल्यावर घर उभे असेल, थोडे विस्कटलेले असेल. मग दोघांनी बसून चहा घ्यावा आणि काय काय बुडता बुडता वाचले ते एकमेकांना सांगावे. त्या गप्पांत अभद्र असे काही नसेल. उलट इतक्या वर्षांत प्रथमच, आपल्या माणसाचा दिवस कसा जात होता, हे दोघांनाही कळलेले असेल.